चुलीचा धूर आणि स्वस्तातलं यंत्र

परवा आमच्या गावातल्या एका अंगणवाडीत, जिथं खिचडी अजून चुलीवर शिजते, हवेतले कण मोजायचं स्वस्तातलं यंत्र ठेवलं. चूल पेटली आणि आकडा पाचशेच्या वर गेला. साहेबांना फोटो दाखवला. म्हणाले, "असल्या खेळण्यावर बातम्या करता का?"

राग आला. मग घरी बसून जुनं वाचत गेलो, तेव्हा पटलं की साहेबांचा प्रश्न अर्धा बरोबर आहे.

१९८१ साली कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या चार खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर पंप अन् फिल्टर लावून धूर मोजला. फिल्टर आधी तोलायचा, नंतर तोलायचा. सरासरी निघाली घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम. तोवर प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी आणि मोटारी! चुलीपुढच्या बाईचा हिशेब जवळपास कुणी ठेवलाच नव्हता.

पण ही पद्धत महागडी. घरोघरी कशी परवडणार? पुढे बर्कलीच्या मंडळींनी घरात आग लागल्याची सूचना देणाऱ्या साध्या अलार्ममधला भाग घेऊन यंत्र बनवलं. आत प्रकाश सोडायचा, धुराच्या कणांवरून तो किती विखुरतो ते नोंदवायचं. आजचे स्वस्त सेन्सरही याच तत्त्वावर चालतात.

आता खरी मेख. विखुरलेला प्रकाश म्हणजे वजन नव्हे. लाकडाचा धूर वेगळा, धूळ वेगळी. दमट हवेत तर आकडा फुगतो. म्हणून त्यांनी ते यंत्र आधी बंद पेटीत लाकडाच्या धुरात तपासलं, मग खऱ्या स्वयंपाकघरांत फिल्टरशेजारी ठेवून ताडून पाहिलं. पुण्याजवळच्या घरांत सुधारित चुलींनी धूर किती कमी झाला, हे अशाच यंत्रांनी मोजलं गेलं. तो अभ्यास २००७ मध्ये छापून आला.

म्हणजे स्वस्त असणं हा दोष नाही. न तपासता वापरणं हा दोष. तो माझा होता.

१९८१ साली मी पाळण्यात होतो. आई फुंकणी घेऊन चुलीपुढे. तिच्या वाट्याचा धूर कुणीच मोजला नाही. खोकला मात्र आजही आहे.

जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजकडे फिल्टरचं यंत्र असेल तर आठवडाभर द्या. माझ्या खेळण्याशेजारी ठेवू. अंगणवाडीच्या ताई तयार आहेत. मग साहेबांकडे पुन्हा जाऊ, फोटो नाही, तक्ता घेऊन.