चुन्याचा घाणा

बांधकामासाठी विरवलेला चुना वाळू किंवा विटांच्या भुकटीत (सुरखीत) मिसळून बारीक मळण्याचे जुने दगडी साधन. जमिनीत बसविलेला वर्तुळाकार दगडी चर आणि त्यात उभे फिरणारे दगडी चाक, हे याचे मुख्य भाग होत. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांवर असे अवशेष आढळतात. पुणे जिल्ह्यातील तिकोना किल्ल्यावरील घाणा परिचित आहे. लाकडी भाग नष्ट झाल्यामुळे सुट्या चाकाला पाहणारे पुष्कळदा जाते समजतात. त्यामुळे मूळ उपयोग रचना व परिसर यांवरून ठरवावा लागतो.

जात्यात एका चपट्या दगडावर दुसरा आडवा फिरतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील पाणचक्की पाण्याच्या जोरावर चालणारी असली, तरी तिचे तत्त्व हेच आहे. तेलाच्या घाण्यात उखळासारख्या खळग्यात लाकडी लाट फिरते. चुन्याच्या घाण्यात मात्र चाक कडेवर उभे राहून गडगडते. त्याच्या आसाचे एक टोक मधल्या खुंटाला, तर दुसरे बैलाच्या जुवाला जोडतात. चाकाच्या भाराने ढेकळे फुटतात. शिवाय ते वर्तुळात वळत असल्याने किंचित घसरते व मिश्रण घोटले जाते.

तथापि केवळ आकार पुरेसा नाही. अशीच उभी चाके भूमध्य सागराच्या परिसरात ऑलिव्ह चिरडण्यासाठी व यूरोपात बंदुकीची दारू मळण्यासाठी वापरीत. म्हणून चरातील पांढरे कीट, जवळची चुनाभट्टी आणि पाण्याचे टाके हे पुरावे महत्त्वाचे ठरतात. दख्खनच्या मातीतही चुनखडी असते. त्यामुळे कीटातील वाळू-सुरखीचे कण शेजारच्या भिंतीतील दर्जांच्या चुन्याशी ताडून पाहणे आवश्यक असते.

हा निर्णय केवळ नावापुरता नाही. नीट न विरलेले चुन्याचे खडे गिलाव्यात राहिल्यास पुढे फुगून तो फोडतात. घोटण्याने हा दोष कमी होतो. १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचे एकस्व घेतले. पुढे सिमेंटच्या प्रसाराबरोबर घाणे मागे पडले. परंतु जुन्या चुनेगच्ची भिंतींवर सिमेंटचा कठीण थर दिल्यास आतील ओल कोंडते व दगड-विटा झिजतात. म्हणून जतनकार्यात चुनाच वापरतात. घाण्याचे चाक शोभेसाठी अन्यत्र हलविल्यास मूळ मिश्रणाचा जागेवरील पुरावा तुटतो. त्यामुळे चाक, चर व भट्टी यांची एकत्रित नोंद करून ती जागीच राखणे इष्ट ठरते.