जोगत्यांचा मेळ

मराठी संगीताचा इतिहास लिहिणारे आमचे विद्वान कीर्तनकार, शाहीर, नाट्यगायक व घराण्यांचे गवई यांची मोजदाद मोठ्या साक्षेपाने करतात; परंतु यल्लमाच्या जोगत्याचे नाव त्यांत क्वचितच आढळते. मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषा एकाच पेठेत ऐकू येणाऱ्या सोलापुरात ही उपेक्षा आम्हांस अधिकच जाणवते. समलिंगी व तृतीयपंथी वादकांना उघडपणे आपल्यात घेणारा वाद्यवृंद लंडनमध्ये १९९६ साली ‘लंडन गे सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ या नावाने उभा राहिला. मुंबईत २०१४ साली ‘रेनबो व्हॉइसेस’ हा गायकवृंद निघाला. या गोष्टी नव्या म्हणून आपण कौतुकाने वाचतो. पण स्त्रीवृत्तीच्या पुरुषांस आश्रय देणारा एक वृंद सोलापूर, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत आणि पलीकडे विजापूर-बेळगावाकडे पिढ्यान्‌पिढ्या दारोदार वाजत आलेला आहे, तो जोगत्यांचा मेळ होय.

यल्लमा म्हणजे जमदग्नीची पत्नी रेणुका. तिचे मुख्य ठाणे बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीचा डोंगर. तिला वाहिलेली स्त्री ती जोगतीण आणि पुरुष तो जोगता. लुगडे नेसावे, कपाळी भंडारा लावावा, देवीचा जग डोक्यावर घ्यावा आणि जोगवा मागावा, हा त्याचा धर्म. मेळाचे मुख्य वाद्य चौंडके. एका तोंडाशी कातडे मढविलेले पोकळ नळकांडे काखेत धरावयाचे. कातड्यातून निघालेली तार एका हाताने ताणावयाची आणि दुसऱ्या हाताने छेडावयाची. ताण कमीअधिक केला की स्वर चढतो, उतरतो, जणू वाद्यच हुंकार देते. सोबतीस तुणतुणे आणि झांज. एकाने पद उचलावे, इतरांनी झेलावे. अंगी ताल असल्याखेरीज हे साधत नाही; चौंडक्यास भिकेचे साधन समजणाऱ्यांनी ते एकदा स्वतः वाजवून पाहावे.

येथे एक तुलना सुचते. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांच्या शालूची, दागिन्यांची व चालण्याची नक्कल आमच्या घरंदाज स्त्रियाही करीत. तीत कोणास काही वावगे वाटले नाही. त्याच काळात लुगडे नेसलेला जोगता दारी आला की सुपातले धान्य त्याच्या परडीत पडे, पण त्यास ओटीवर कोणी बसवीत नसे. एकाचा वेष रात्री उतरत असे, दुसऱ्याचा उतरत नसे, एवढाच काय तो फरक; आणि तो फरक आमच्या समाजास फार मोठा वाटला.

तथापि मेळाचे गोडवे गाताना त्याची किंमत विसरता येत नाही. मुलाच्या केसांत जट आली, किंवा त्याची चाल बायकी दिसली, की देवीने मागितले असे घरचेच ठरवीत. त्याची इच्छा विचारण्याचा प्रश्नच नसे. लंडनच्या वृंदात वादक स्वतःहून जातो. मेळात त्यास वाहून टाकले जाई. पुढे देवदासी-प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली व महाराष्ट्रात २००५ साली कायदे झाले. ते अवश्य व्हावयास हवे होते. पण त्यांचा रोख स्त्रियांच्या समर्पणावर होता. जोगत्याकडे कायद्याने पाहिले ते १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमातून, गुन्हेगाराच्या संशयाने. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरता तो डाग सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली पुसला. त्याआधी, २०१४ साली, त्याच न्यायालयाने तृतीयपंथीयांस स्वतंत्र ओळख मान्य केली होती.

साहित्याने मात्र कायद्याहून आधी दखल घेतली. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी हे जग सुशिक्षितांपुढे मांडले, आणि २००९ साली आलेल्या ‘जोगवा’ या चित्रपटाने ते घरोघरी पोहोचविले.

कानडी मुलखात याहून पुढचे पाऊल पडले. बळ्ळारी जिल्ह्यातील मंजम्मा जोगती यांनी काळव्वा जोगती या गुरूकडून जोगतीनृत्य घेतले. २०१९ साली त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, आणि २०२१ साली पद्मश्री स्वीकारण्यास राष्ट्रपतींपुढे गेल्या, तेव्हा आधी त्यांनी आपल्या पदराने त्यांची दृष्ट काढली.