रानपिंगळ्याचा पुनर्शोध आणि प्रातिनिधिक प्रजातीच्या निवडीचा प्रश्न : विशेष संदर्भ नंदुरबार जिल्हा

विस्तीर्ण वनप्रदेशाच्या संवर्धनाचे नियोजन करताना तेथील प्रत्येक जीवाचा स्वतंत्र विचार करणे अशक्य असते. म्हणून ज्याच्या अधिवासाचे रक्षण केले असता इतर अनेकांचेही रक्षण होईल, अशी एखादी प्रातिनिधिक प्रजाती निवडली जाते. भारतात १९७३ च्या व्याघ्रप्रकल्पाने हा मान वाघास दिला. पहिल्या नऊ क्षेत्रांत सातपुड्यातील मेळघाट आला. त्याच रांगेचा शहादा, तळोदा, अक्राणी हा पश्चिम टापू मात्र बाहेर राहिला.

या टापूचा प्रतिनिधी रानपिंगळा ठरू शकेल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ह्यूम याने १८७३ साली या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे जेम्स डेव्हिडसन याने खानदेशात त्याचे नमुने मिळविले. १८८४ नंतर विश्वसनीय नमुना नाही. माइनर्ट्झहेगन याने १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे मिळविल्याचे सांगितलेला नमुना प्रत्यक्षात डेव्हिडसनच्या संग्रहातील असून त्यास खोटी चिठ्ठी जोडलेली होती, हे रासमुसेन व कॉलर यांनी १९९९ साली दाखविले. बनावट दस्तऐवजाने वंशावळ बिघडावी, तसा या चिठ्ठीने पक्ष्याचा नकाशा बिघडविला होता. अस्सल नोंदींच्या आधारे शोध घेता २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ, म्हणजे तत्कालीन धुळे जिल्ह्यात, आढळला. २०१४ साली तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

रानपिंगळा विरळ सागवानी जंगलात राहतो, दिवसा शिकार करतो व झाडांच्या ढोलीत घरटे करतो. त्यामुळे वाघाच्या निकषावर उपेक्षित राहणाऱ्या वनास तो महत्त्व मिळवून देतो. परंतु तापीच्या दक्षिणेस असलेल्या रनाळे परिसरातील शेतांचे व माळांचे प्रतिनिधित्व त्याच्याकडून होणार नाही.

माळाचा प्रतिनिधी म्हणून माळढोकाचे उदाहरण आहेच. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर-अहमदनगर भागात सुमारे ८,५०० चौ.कि.मी.चे अभयारण्य घोषित झाले. गावे व शेते त्यात आली, स्थानिकांचा विरोध वाढला आणि अखेर क्षेत्र मोठ्या प्रमाणात घटवावे लागले. पक्षीही वाढला नाही. तळोदा-अक्राणीत तर २००६ च्या वनहक्क कायद्याखालील आदिवासींच्या दाव्यांचा प्रश्न आहे. तेथे पक्ष्याच्या नावाने सीमा आखण्यापूर्वी कोणती ढोलीची झाडे राखावयाची, हे ग्रामसभांबरोबर बसून ठरविणे प्रस्तुत लेखकास अधिक व्यवहार्य वाटते.