काच पुसण्याआधी

सासऱ्यांनी हौसेनं घेतलेला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवर ठेवून पाखरं बघायची दुर्बीण, त्यांच्या माघारी माझ्या वाट्याला आली. बेळगावचा पावसाळा तुम्हाला ठाऊकच आहे. जपायची म्हणून मी ती चामड्याच्या पेटीत घालून कपाटात ठेवली. दिवाळीत काढली, तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! घाईघाईनं पदरानंच पुसली. बुरशी होती आतल्या बाजूला, ती तशीच राहिली. बाहेर मात्र बारीक ओरखडे उमटले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

त्या अपराधापायी मी दुर्बिणीचा इतिहास वाचायला घेतला आणि गॅलिलिओची एक यादी भेटली. १६०९ च्या नोव्हेंबरात आलेल्या एका पत्राच्या कागदावर त्यानं बाजारहाट लिहून ठेवला होता. भिंगं घासायचं सामान, तोफेचे गोळे, कथलाची नळी, आणि त्याच यादीत तांदूळ, हरभरे, मसूर, मिरी, लवंगा, पोरासाठी सपाता! मला हसूच आलं. आकाश बघणाऱ्यालाही वाणसामान चुकलं नव्हतं.

त्याची भिंगं साधी काच होती. १७५८ मध्ये लंडनच्या जॉन डॉलंडनं दोन तऱ्हेच्या काचा जोडून केलेल्या भिंगाचं पेटंट घेतलं. कडेला दिसणारे रंग त्यानं कमी झाले. १९३५ मध्ये झाइस कंपनीच्या स्माकुलानं काचेवर अतिशय पातळ लेप चढवायची रीत काढली. प्रकाश परतून वाया जाईना, चित्र उजळ झालं. पण भिंग नाजूकही झालं. माझ्या पदराखाली धुळीचे कण होते, ते त्या लेपावरच घासले गेले.

दुरुस्ती करणाऱ्यानं स्कोप उघडून बुरशी काढली. ओरखडे जायचे नाहीत, म्हणाला. मग रीत सांगितली: आधी हवेच्या पिचकारीनं धूळ उडवा, मग मऊ कुंचला फिरवा, आणि शेवटी भिंगाचं कापड जरासं ओलावून मधून कडेकडे हलक्या हातानं पुसा. हे ऐकताना मला मुनिमहाराजांची पिंछी आठवली. आधी हळुवार झाडायचं, मगच टेकायचं. आयुष्यभर पाहिलेली गोष्ट, ऐनवेळी मात्र सुचली नाही.

आता चामड्याची पेटी बाद. पापड ठेवतो तसल्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत स्कोप राहतो. उघडीप मिळाली की बाहेर काढून वारा देते.

गॅलिलिओचं एक भिंग फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात आहे. तडकलेलं, तरी हस्तिदंती चौकटीत जपलेलं. माझ्या ओरखड्यांतूनही तळ्यावरचे चित्रबलाक स्वच्छ दिसतात. परवा सासूबाईंना दाखवले. बराच वेळ त्या डोळा लावून बसल्या, मग उठून म्हणाल्या, "कुंचला कुठं ठेवलायस, मला दाखवून ठेव."