धरणी आधी सांगते का?

४ डिसेंबर २०२४ला सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणात मुलुगूकडे ५.३चा भूकंप झाला आणि हादरे पार विदर्भात जाणवले. मग काय, आमच्या अड्याळच्या घरी नातेवाइकांचे फोनवर फोन! एका आत्याने विचारलं, "काय रे, तुमच्याखाली ज्वालामुखी तर नाही ना? आणि असलं काही आधी कळतं की नाही?"

आत्या ब्लॉग वाचते, तेव्हा उत्तर इथेच लिहितो.

ज्वालामुखी नाही. आमच्या बाजूचा जवळचा लाव्हा म्हणजे नागपूरची सीताबर्डीची टेकडी, आणि तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. भारतातला जागा ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट.

गंमत म्हणजे ज्वालामुखी बऱ्याचदा आधी सांगतो. वितळलेला खडक वर चढताना आजूबाजूचा खडक फोडतो, त्याचे बारीक धक्के बसतात. जमीन फुगते, गंधकाचा वायू वाढतो. १९९१ साली फिलिपिन्समध्ये पिनाटुबोच्या अशा खुणा शास्त्रज्ञ दोन महिने मोजत बसले होते. १५ जूनच्या महास्फोटाआधी हजारो लोकांना हलवता आलं. तरीही शेकडो लोक गेले. त्यातले बरेच पावसाने भिजलेल्या राखेच्या ओझ्याने छपरं कोसळून.

भूकंपाचं तसं नाही. कोयनेला १९६२पासून धरणात पाणी साठू लागलं, धक्के जाणवू लागले, यंत्रं बसवली, नोंदी होऊ लागल्या. तरी ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर झोपेतच सापडलं.

किल्लारीला १९९२मध्ये धक्के बसत होते. १८ ऑक्टोबरचा तर चांगलाच मोठा होता. लोक घाबरले, घराबाहेर झोपले. नंतर सगळं शांत झालं, लोक घरात परतले. त्यावेळच्या नकाशात तो भाग सर्वात कमी धोक्याचा होता! ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

आज वाटतं, खुणा तर होत्या! पण पालघर-डहाणूकडे बघा. नोव्हेंबर २०१८पासून तिथे असेच कितीतरी धक्के बसले. यंत्रं लावली, मोजमाप झालं, आणि किल्लारीसारखं काही झालं नाही. खूण तीच, पुढची गोष्ट वेगळी. कोणता धक्का पुढच्या मोठ्याची वर्दी आहे, हे तो मोठा येऊन गेल्यावरच कळतं.

मग मोजायचं कशाला? तारीख कळावी म्हणून नव्हे. कुठे घरं मजबूत हवीत ते कळावं म्हणून. किल्लारीत माणसं मारली ती दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदावरच्या मातीच्या ओझ्याने. हलक्या छपराखालचे बरेच जण वाचले. म्हणून नंतर लातूर-उस्मानाबादकडे (आताचं धाराशिव) सरकारने जुनी घरं बळकट करण्याचं काम हाती घेतलं.

अड्याळात अजून मातीच्या भिंतींची, कवेलूंची घरं आहेत. आमच्या मागच्या खोलीची भिंतही तशीच, आणि जरा फुगलेली. आई तिथेच झोपते; उन्हाळ्यात गार असते म्हणून खोली सोडायला तयार नाही. भूकंप येईल न येईल, पावसाळ्याआधी ती भिंत उतरवून नवी बांधायची, एवढं ठरवलंय.

असो. तुमच्या गावच्या घरांच्या भिंती कशा आहेत?