रद्द झालेल्या जीवनसत्त्वाची हकीकत

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळातील एका भगिनीने पर्समधून एक डबी काढून माझ्या हातात दिली. ‘तुम्ही कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत होता, वाचून सांगा हे काय आहे ते.’ डबीवर ‘क्वेर्सेटिन’ असे नाव होते, शेजारी कांद्याचे आणि सफरचंदाचे चित्र होते, आणि ‘सूज व सांधेदुखीवर शंभर टक्के नैसर्गिक उपाय’ अशी ग्वाही होती. बाईंना आमवाताचा त्रास. डॉक्टरांनी दिलेली आठवड्यातून एकदा घ्यावयाची गोळी त्यांनी दिवाळीपासून बंद केली होती, आणि ह्या कॅप्सूल सुरू केल्या होत्या. गोळीने मळमळते, ह्याने काही होत नाही, असे त्या म्हणाल्या. मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकले नाही. हळदीकुंकवाच्या गर्दीत देण्याजोगे ते उत्तरही नव्हते. स्मरणिकेच्या संपादिकाबाईंनी लेख मागितला, तेव्हा तेच उत्तर सविस्तर लिहावे असे ठरविले.

क्वेर्सेटिन हे ‘फ्लॅव्होनॉइड’ नावाच्या वनस्पतिद्रव्यांच्या मोठ्या कुळातले एक. ह्या कुळाचे नाव ‘पिवळा’ ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले आहे, कारण माणसाला त्याची पहिली ओळख झाली ती औषध म्हणून नव्हे, रंग म्हणून. आपण कांदा चिरताना जी तपकिरी-पिवळी साल केराच्या टोपलीत टाकतो, तिने कापड रंगते हे पुष्कळ जणींना ठाऊक असेल. रंगपंचमीला पळसाची फुले उकळून जो केशरी रंग करीत, तोही ह्याच कुळातला. त्या फुलांतील रंगद्रव्याचा अभ्यास १९०४ साली इंग्लंडात ए. जी. पर्किन ह्यांनी केला. कृत्रिम रंगाचा शोध लावणाऱ्या विल्यम पर्किनचे हे चिरंजीव. बापाने नैसर्गिक रंगांचा धंदा बसविला आणि मुलाने त्याच रंगांचा जन्मभर अभ्यास केला, ही एक मौजच!

ह्यांतील पुष्कळ द्रव्ये एकोणिसाव्या शतकातच वेगळी करण्यात आली होती. १८२८ मध्ये लब्रेतों ह्या फ्रेंच गृहस्थांनी संत्र्याच्या सालीच्या आतील पांढऱ्या थरातून ‘हेस्पेरिडिन’ काढले. १८४२ मध्ये जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या एका औषधविक्रेत्याने, ऑगस्ट वाइस ह्यांनी, एका उग्र वासाच्या झुडपातून ‘रुटिन’ काढले. ते झुडूप म्हणजे आपला सताप. होय, तोच सताप, जो आपल्या आया-आज्या अंगणातल्या कुंडीत लावीत आणि तान्ह्या बाळाच्या सर्दीला व पोटदुखीला वापरीत. (नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असे मानणाऱ्यांनी सतापाकडेच पाहावे. ह्याचा रस अंगाला लागून ऊन पडले तर कातडीवर फोड येतात, आणि गर्भवतीने तर तो पोटात घेऊच नये.) क्वेर्सेटिनची घडण बर्न येथील पोलिश रसायनज्ञ कोस्टानेत्स्की ह्यांनी १९०४ मध्ये ते कृत्रिम रीतीने तयार करून पक्की केली. आपल्या हळदीतील कुर्कुमिन हे फ्लॅव्होनॉइड नव्हे, परंतु १९१० साली त्याची रचना ज्यांनी मांडली त्यांतही हेच कोस्टानेत्स्की होते.

औषधाची खरी कथा मात्र हंगेरीत, सेगेद ह्या गावी सुरू होते. तेथे आल्बर्ट सेंट-ड्यॉर्डी हे प्राध्यापक होते. त्यांनी १९२८ मध्ये केंब्रिजला एक द्रव्य वेगळे केले होते. ते ‘क’ जीवनसत्त्व ठरले, परंतु पुरेशा प्रमाणात ते मिळेना. सेगेद हे पाप्रिका मिरचीचे गाव. ही आपल्या भोपळी मिरचीची बहीणच म्हणावयाची. एके रात्री त्यांच्या पत्नीने जेवणात ताजी पाप्रिका वाढली. त्यांना ती खावीशी वाटेना. तसे सांगण्याचे धैर्य नव्हते म्हणून, ‘ही मी प्रयोगशाळेत तपासून पाहतो’ अशी सबब काढून ते मिरची घेऊन उठले! मध्यरात्रीच्या सुमारास त्यांना कळून चुकले की ती ‘क’ जीवनसत्त्वाने भरलेली आहे. ह्या कामासाठी १९३७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्या बाईंच्या स्वयंपाकाचा वाटा किती, हे आपण आपल्या मनात ठरवावे.

पुढचा भाग आपल्या विषयाचा. ऑस्ट्रियातील एका सहकाऱ्याचे त्यांना पत्र आले. ह्या गृहस्थांना ठिकठिकाणी रक्तस्राव होण्याचा विकार होता आणि ‘क’ जीवनसत्त्व घेऊन पाहावे अशी त्यांची इच्छा होती. शुद्ध द्रव्य पुरेसे हाताशी नव्हते, म्हणून सेंट-ड्यॉर्डी ह्यांनी पाप्रिकेचा अर्क पाठविला, आणि रोगी बरा झाला. पुढे शुद्ध जीवनसत्त्व मुबलक झाल्यावर त्यांनी आणि त्यांचे मित्र डॉक्टर रुस्न्याक ह्यांनी ते अशाच रोग्यांना दिले. काही उपयोग झाला नाही! म्हणजे गुण शुद्ध द्रव्यात नसून अर्कातल्या कोणत्या तरी ‘मळात’ होता. शोध घेता लिंबातून त्यांना फ्लॅव्होनॉइडांचे मिश्रण मिळाले. त्याला त्यांनी ‘सिट्रिन’ म्हटले. केशवाहिन्यांच्या भिंती त्याने घट्ट होतात, झिरपणे थांबते, म्हणून १९३६ साली त्यांनी त्याला नाव दिले ‘पी’ जीवनसत्त्व.

केशवाहिन्या आणि सूज ह्यांचा संबंध काय, हे येथे सांगितले पाहिजे. बोट पोळले किंवा मुरगळले की तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून पाणी व पांढऱ्या पेशी बाहेर पाझरतात, आणि तो भाग लाल, गरम, ठणकणारा होतो. आपले वैद्य ह्याला शोथ म्हणतात. शरीराचे हे रक्षणाचेच काम आहे. परंतु आमवातासारख्या रोगात शरीर स्वतःच्या सांध्यांवरच उलटते. तेथे शोथ थांबत नाही आणि हळूहळू हाड झिजते.

‘पी’ जीवनसत्त्वाचे आयुष्य फार नव्हते. गिनीपिग ह्या प्राण्यांवर केलेले प्रयोग इतरांनी करून पाहिले, तेव्हा तोच निष्कर्ष येईना. खुद्द सेंट-ड्यॉर्डी ह्यांनी पुन्हा तपासून मान्य केले की पहिल्या प्रयोगात ‘क’ जीवनसत्त्वाचा अंश राहिला होता. नोबेल मिळविलेल्या माणसाने असे म्हणणे सोपे नसते. अमेरिकेत १९४४ च्या सुमारास रुटिन रक्तदाबाच्या रोग्यांना देऊ लागले होते. परंतु ज्याच्या अभावाने काही रोग होत नाही त्याला जीवनसत्त्व कसे म्हणावे, असा प्रश्न निघाला आणि १९५० मध्ये तेथील शास्त्रज्ञांच्या समितीने हे नाव सोडून द्यावे असे सुचविले. १९६८ मध्ये अमेरिकन सरकारच्या औषध खात्याने ही औषधे गुणकारी असल्याचा पुरावा नाही असे ठरवून ती मागे घ्यावयास लावली.

आपल्याकडेही ह्या काळात मोठे काम चालू होते. लाहोरच्या महाविद्यालयात शिकविणाऱ्या कृष्णस्वामी वेंकटरामन ह्यांनी महल ह्या सहकाऱ्यासह १९३४ मध्ये फ्लॅव्होन तयार करण्याची एक सुटसुटीत पद्धत प्रसिद्ध केली. इंग्लंडात बेकर ह्यांनीही आदल्याच वर्षी ती मांडली होती. म्हणून तिला दोघांची नावे आहेत. वेंकटरामन पुढे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले, १९३८ मध्ये त्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. एम.एस्सी.ला ही पद्धत पाठ करताना, ती शोधणाऱ्याने आपल्या पुण्यात काम केले आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी मात्र माझ्या विद्यार्थिनींना दरवर्षी सांगत असे.

रद्द झालेले हे कूळ परत कसे आले? दोन वाटांनी. १९७१ मध्ये जॉन व्हेन ह्यांनी दाखविले की अ‍ॅस्पिरिन शरीरातील शोथ वाढविणारी द्रव्ये तयार होऊ देत नाही. मग कोणत्या वनस्पतिद्रव्याने हेच घडते ते परीक्षानळीत तपासता येऊ लागले, आणि क्वेर्सेटिन त्यात उतरले. दुसरी वाट दम्याची. स्वतः दमेकरी असलेले डॉक्टर रॉजर अल्टून्यान ह्यांनी भूमध्य सागराकाठच्या एका झुडपातील, फ्लॅव्होनॉइडांच्या नात्यातल्या द्रव्यापासून बनविलेली शेकडो रसायने वर्षानुवर्षे स्वतःवर घेऊन पाहिली. आधी मुद्दाम दमा उठवावयाचा, मग औषध हुंगावयाचे! १९६५ मध्ये त्यांना उपयोगी औषध सापडले. ते क्रोमोग्लायकेट म्हणून ओळखले जाते. संत्र्याच्या सालीतील हेस्पेरिडिनपासून बनणारे डायोस्मिनही मूळव्याधीवर व पायांच्या शिरांच्या सुजेवर डॉक्टर देतात. म्हणजे कुळातील काहींनी खरोखरच नाव काढले आहे.

आता क्वेर्सेटिन. १९९३ मध्ये हॉलंडातील झुटफेन गावच्या ८०५ वृद्ध पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. चहा, कांदा आणि सफरचंद ह्यांतून ज्यांच्या पोटात ही द्रव्ये अधिक जात, त्यांत हृदयविकाराने मरणारे कमी आढळले. दिवसाचे सरासरी प्रमाण होते अवघे २६ मिलिग्रॅम. पण ही पाहणी होती, उपचार नव्हे. कांदा खाणाऱ्या माणसाच्या आणखीही सवयी असतात. आमवात झालेल्या ५० स्त्रियांना रोज ५०० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन आठ आठवडे दिल्याचा एक प्रयोग २०१७ मध्ये इराणातून प्रसिद्ध झाला आहे. सकाळचा ताठरपणा आणि वेदना कमी झाल्याचे त्यात म्हटले आहे. मला हे वाचून बरे वाटले. तथापि पन्नास स्त्रिया आणि आठ आठवडे ह्यांवरून हाडाची झीज थांबते की नाही हे कळत नाही, आणि डॉक्टरांची ती आठवड्याची गोळी नेमकी झीज थांबविण्यासाठी असते. शिवाय परीक्षानळीतले द्रव्य थेट पेशीला मिळते. पोटातून जाताना आतडे व यकृत त्याचे रूप बदलतात आणि मूळ रूपात फारच थोडे रक्तात पोहोचते.

हे सारे मी त्या भगिनीला फाल्गुनात त्यांच्या घरी बसून सांगितले. डबी घेऊन आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी रक्त तपासले, मळमळीसाठी गोळीची वेळ बदलून दिली आणि ती पुन्हा सुरू केली. कॅप्सूल घ्यावयाच्या तर मला सांगून घ्या, इतकेच ते म्हणाले. सूज आता उतरली आहे. उजव्या हाताचे मधले बोट मात्र पूर्ण सरळ होत नाही. म्हणून यंदाच्या मंगळागौरीला त्यांनी झिम्म्याऐवजी गाणी सांगण्याचे काम घेतले.