बडोद्याचीं फिरतीं पुस्तकालयें आणि मुलांचें वाचन

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवालयाचा, संस्थांचा व उपकारकर्त्यांचा इतिहास यावा, हें रीतीस धरूनच आहे. त्याच्या जोडीस आम्ही वाचकांपुढें आज एक निराळा इतिहास ठेवीत आहों. मूल शाळेंत घालणें आणि मूल वाचतें करणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हें एका संस्थानास कसें उमगलें व त्यावर त्यानें काय उपाय योजिला, त्याची ही हकीकत आहे. ज्या ज्या घरांत शाळेंत जाणारीं मुलें आहेत, त्या त्या घराचा तिच्याशीं संबंध आहे.

नाशिक जिल्ह्यांत मालेगांव तालुक्यांत कवळाणें नांवाचें एक खेडें आहे. तेथील गायकवाडांच्या एका शेतकरी शाखेंत ११ मार्च १८६३ रोजीं गोपाळराव नांवाचा मुलगा जन्मास आला. बाराव्या वर्षापर्यंत त्यास अक्षरओळख नव्हती. १८७५ सालीं बडोद्याच्या महाराणी जमनाबाईसाहेब ह्यांनीं त्यास दत्तक घेतलें, सयाजीराव हें नांव दिलें, आणि मग त्याचें शिक्षण सुरू झालें. इतर मुलें ज्या वयांत पुस्तकें वाचूं लागतात, त्या वयांत ह्या मुलानें मुळाक्षरें गिरविलीं. १८८१ च्या अखेरीस राज्याचा अधिकार हातीं आल्यावर ह्या महाराजांनीं शिक्षणास जें अग्रस्थान दिलें, त्याचें मूळ त्या उशिरा मिळालेल्या पाटीपेन्सिलींत असावें, असें मानण्यास हरकत नाहीं.

१८९३ मध्यें अमरेली तालुक्यांत सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा प्रयोग झाला, आणि १९०६ मध्यें तो कायदा सर्व संस्थानास लागू करण्यांत आला. मुलांस सातव्यापासून बाराव्या वर्षापर्यंत व मुलींस सातव्यापासून दहाव्यापर्यंत शाळेंत पाठविणें आईबापांस भाग पडलें. न पाठविल्यास दंडाची तरतूद होती. हिंदुस्थानांत ही गोष्ट त्या काळीं अपूर्व होती. परंतु कायद्याचा हात शाळेच्या उंबरठ्यापर्यंतच पोहोंचतो. दहा वर्षांची मुलगी शाळा सोडून चुलीपाशीं बसली, बारा वर्षांचा मुलगा नांगराच्या मागें चालूं लागला, म्हणजे पुढें काय? घरांत छापील कागद म्हणावा तर एखादें पंचांग किंवा जुनी पोथी. न वापरलेल्या विळ्यास जसा गंज चढतो, तसा न वापरलेल्या विद्येसहि चढतो. चार-पांच वर्षांत तें मूल पुन्हा निरक्षराच्या रांगेंत येऊन बसावयाचें, आणि शाळेवर झालेला सर्व खर्च पाण्यांत जावयाचा. सक्तीच्या शिक्षणामागें पुस्तकालय उभें नसेल तर तें शिक्षण टिकावयाचें नाहीं, ही जाणीव बडोदें सरकारास झाली, आणि तींतूनच पुढील चळवळ निघाली.

ह्या कामीं सरकारच्याहि आधीं एक शिक्षक जागा झाला होता. चरोतर प्रांतांतील वसो गांवचे मोतीभाई अमीन (जन्म १८७३) ह्यांनीं विद्यार्थीदशेंतच आपल्या गांवीं विद्यार्थ्यांसाठीं वाचनाची सोय केली, आणि पुढें शिक्षक झाल्यावर गांवोगांवच्या तरुणांस हाताशीं धरून मित्रमंडळ-वाचनालयें काढिलीं. त्यांच्यापाशीं इमारत नव्हती कीं भांडवल नव्हतें. थोडीं वर्तमानपत्रें, थोडीं पुस्तकें आणि तीं राखणारा एक विश्वासू मनुष्य, एवढ्यावर त्यांचें वाचनालय उभें राही. पुढें संस्थानानें ह्याच गृहस्थांस आपल्या कामांत घेतलें, हें त्याच्या शहाणपणाचें लक्षण होय.

१९०६ सालच्या प्रवासांत महाराजांनीं अमेरिकेंतील सार्वजनिक ग्रंथालयें पाहिलीं होतीं. १९१० मध्यें त्यांनीं तिकडील कनेक्टिकट प्रांतांतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम आलान्सन बोर्डन ह्यांस बडोद्यास आणिलें. बोर्डनसाहेब ज्या प्रांतांतून आले तेथें मुलांच्या वाचनाचा विचार बराच पुढें गेला होता. त्यापूर्वी अमेरिकेंतहि पुष्कळ ग्रंथालयांत बारा-चौदा वर्षांखालील मुलांस प्रवेश नसे. मूल म्हणजे गोंगाट आणि फाटलेलीं पानें, असाच समज होता. तो समज मोडण्यासाठीं झटणाऱ्यांत त्याच प्रांतांतील हार्टफर्ड शहरच्या ग्रंथपाल कॅरोलिन ह्यूइन्सबाई ह्या अग्रणी होत्या. मुलांस कोणतीं पुस्तकें द्यावीं, ह्याची यादी त्यांनीं १८८२ सालींच छापून काढिली होती. पुढें पुढें मुलांसाठीं निराळी खोली व निराळा ग्रंथपाल असावा, हें तत्त्व तिकडे रूढ झालें.

बोर्डनसाहेब तीन वर्षें बडोद्यास होते. महाराजांनीं आपल्या खासगी संग्रहांतील सुमारें २०,००० पुस्तकें प्रजेसाठीं दिलीं, व त्यांच्या पायावर मध्यवर्ती ग्रंथालय उभें राहिलें. १९११ मध्यें ग्रंथपालांस शिकविण्याचा वर्ग निघाला. १९१२ पासून इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांत ह्या विषयाचें एक नियतकालिकहि चालविण्यांत आलें. १९१३ मध्यें बोर्डनसाहेब स्वदेशीं परतल्यावर ज. स. कुडाळकर व त्यांच्यामागून न्यूटन मोहन दत्त ह्यांनीं तें काम पुढें नेलें.

ह्या ग्रंथालयांत स्त्रियांसाठीं व मुलांसाठीं स्वतंत्र विभाग होते. मुलांच्या विभागांत नुसतीं पुस्तकें नव्हतीं. चित्रें होतीं, बसून खेळण्याचे खेळ होते. कोणी म्हणेल, ग्रंथालयांत खेळ कशाला? आमच्या मतें ह्यांतच त्या योजनेचें मर्म आहे. मूल प्रथम खेळावयास येतें. खेळतां खेळतां त्याची नजर भिंतीवरील चित्राकडे जाते. चित्रावरून तें पुस्तकांतील चित्राकडे वळतें. आणि चित्राखालीं काय लिहिलें आहे हें कळल्यावांचून त्यास चैन पडत नाहीं. शाळेंत अक्षर त्याच्या मागें लागलेलें असतें, येथें तें अक्षराच्या मागें लागतें. जें काम दंडानें होत नाहीं तें कुतूहलानें होतें.

परंतु शहरांतील खोली खेड्यांतील मुलास काय कामाची? म्हणून १९११ पासून फिरतीं पुस्तकालयें सुरू झालीं. मजबूत लांकडी पेट्या करवून त्यांत पंधरा ते तीस पुस्तकें भरीत, व त्या खेड्यांतील शाळेकडे किंवा जबाबदार गृहस्थाकडे पाठवीत. नेण्याआणण्याचा खर्च सरकारचा. वाचणाऱ्यास पैहि पडत नसे. एका गांवीं वाचून झालें कीं पेटी परत जाई आणि दुसरी येई. पुस्तकांबरोबरच, दोन भिंगांतून पाहिलें असतां ठसठशीत दिसणारीं चित्रेंहि गांवोगांव जात, आणि ज्यांस वाचतां येत नसे त्यांच्यासाठीं जादूच्या कंदिलाचे व चलच्चित्रांचे मोफत खेळ होत. ज्या खेड्यांत पुस्तकांचें दुकान कधीं कोणी पाहिलें नाहीं, तेथें ही पेटी म्हणजे दुकान, शाळा व जत्रा सर्व एकदम दाराशीं आल्यासारखेंच होतें.

पेटी कायमची राहत नाहीं. म्हणून गांवानें स्वतःचें वाचनालय काढावें, अशीहि योजना होती. तिच्यांतील पैशाची रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. गांवकऱ्यांनीं खेड्याच्या वाचनालयासाठीं शंभर रुपयांपर्यंत जी रक्कम जमवावी, तितकीच प्रांत-पंचायतीनें द्यावी व तितकीच सरकारनें द्यावी. म्हणजे खर्चाचा एक तृतीयांश भार गांवाचा. सरकारास सर्वच देतां आलें असतें. पण फुकट मिळालेल्या कपाटाची किल्ली लवकर हरवते. ज्यानें त्यांत आपला रुपया घातला आहे, तो संध्याकाळीं कपाट उघडलें कीं नाहीं हें पाहावयास येतो. ह्या रीतीनें शेकडो खेड्यांत वाचनालयें निघालीं.

राहिला प्रश्न, मुलांनीं वाचावें काय हा. मराठींत मुलांसाठीं मासिकें निघूं लागलीं होतीं. अमेरिकन मिशनचा ‘बालबोधमेवा’ आधींच चालूं होता. १८८१ मध्यें विनायक कोंडदेव ओक ह्यांनीं ‘बालबोध’ काढिलें, आणि १९०६ मध्यें वासुदेव गोविंद आपटे ह्यांनीं ‘आनंद’ सुरू केला. तरीहि पुस्तकें थोडीं होतीं. १९१२ मध्यें महाराजांनीं देशी भाषांतील ग्रंथांसाठीं दोन लाख रुपये निराळे काढिले. त्यांच्या व्याजांतून मोठ्यांसाठीं ‘श्री सयाजी साहित्यमाला’ व मुलांसाठीं ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ निघाल्या. कपाट देऊन स्वस्थ न बसतां तें भरण्याचीहि काळजी वाहिली, म्हणूनच ती चळवळ टिकली.

मोतीभाई व महाराज, दोघेहि १९३९ सालीं निवर्तले. १९४९ मध्यें संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन झालें, आणि आज तो मुलूख गुजरात राज्यांत आहे. मध्यवर्ती ग्रंथालय मात्र बडोद्यास मांडवीजवळ अजून उभें आहे. इकडे कोल्हापूर संस्थानानें १९४५ मध्यें व महाराष्ट्र राज्यानें १९६७ मध्यें सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. तेव्हां कायदा आहे, इमारती आहेत, पुस्तकांचीहि पूर्वीसारखी टंचाई नाहीं. उणें आहे तें निराळेंच.

बडोद्याची सर्व योजना एका माणसावर टेंकलेली होती, आणि तो माणूस राजा नव्हे. पेटी गांवीं पोहोंचली तरी ती उघडणारा, मुलांस भोंवतीं बसविणारा, एक गोष्ट अर्धी वाचून दाखवून उरलेली त्यांच्यावर सोडणारा कोणी तरी तेथें लागे. तो शिक्षक असो, तलाठी असो वा वाचतां येणारी एखादी आजी असो. तो नसेल तर पेटी म्हणजे नुसतें लांकूड. पुस्तकें पाठवितां येतात, हा माणूस पाठवितां येत नाहीं. तो ज्या त्या गांवीं, ज्या त्या घरींच निपजावा लागतो.

म्हणून ह्या महोत्सवाच्या वर्षीं आमची आईबापांस एवढीच विनंती आहे. घरांत एक फळी अशी ठेवा कीं जिच्यापर्यंत लहान मुलाचा हात पोहोंचेल, आणि तिच्यावर चार पुस्तकें ठेवा. फाटलीं तर रागावूं नका. फाटलेलें पुस्तक हें बहुधा उघडलेलें पुस्तक असतें. जवळच्या वाचनालयांत मुलास पाठवूं नका, घेऊन जा. आणि रात्रीं जेवणानंतर पाव घटका त्यास मोठ्यानें वाचून दाखवा. ज्यास स्वतः वाचतां येत नसेल त्यानें मुलाकडून वाचवून घ्यावें व मन लावून ऐकावें. ऐकणारा मिळाला म्हणजे वाचणाऱ्यास हुरूप येतो. कवळाण्याच्या मुलास हें सुख बारा वर्षें मिळालें नव्हतें, आणि ज्यांस तें मिळालें नाहीं त्यांच्यासाठीं त्यानें पेट्या भरून पाठविल्या. आपल्या मुलांस तें देण्यास आपणांस राज्य लागत नाहीं.